मटमध्ये रंग दिसत नाहीत? मटआरसीला हात लावायच्या आधी हे बघा

मावसभाऊ वडगावला रूम घेऊन राहतो. मट या मेलच्या प्रोग्रॅमच्या नादी त्याला मीच लावला, त्यामुळे त्याचं मट बिघडलं की फोन मलाच येतो. मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला आला, "दादा, तुझ्याकडे किती भारी रंगीत दिसतं रे, माझ्याकडे सगळं काळंपांढरं." फाइल तीच, माझीच मटआरसी, म्हणजे मटच्या सेटिंगची फाइल, त्याला दिलेली, शब्द न् शब्द तोच. मग पाऊण तास फोनवर एकेक कमांड सांगत बसलो आणि दोष निघाला भलत्याच ठिकाणी, मटच्या फाइलीत नाहीच. हे सगळं परत तोंडी सांगायचा कंटाळा येतो म्हणून लिहून ठेवतोय, नवीन माणसाला उपयोगी पडेल.

कमांड्स मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात, उच्चाराप्रमाणे, टाइप करताना अर्थातच इंग्रजी कीबोर्ड आणि आकडेही इंग्रजीच. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. शाळेत आपण कलर लिहिताना मधे यू घालायला शिकलो, नाही घातला तर बाई मार्क कापायच्या, पण इथं अमेरिकन स्पेलिंग चालतं, यू नाही. यू घातलात तर मट ‘अननोन कमांड’ म्हणून मोकळं होतं. मी स्वतः इथं अडलोय, म्हणून सांगतोय.

ज्यांना मट म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालणारा मेलचा प्रोग्रॅम, मायकेल एल्किन्सनं १९९५ मध्ये लिहायला घेतलेला, माउस लागत नाही, सगळं कीबोर्डवर. निओमट ही त्याचीच पुढं निघालेली फांदी, खालचं बहुतेक सगळं तिलाही लागू.

रंग येतो कुठून

लक्ष्मी रोडला मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घ्यायला आईबरोबर कधी ताटकळला असाल तर हे लगेच कळेल. मट स्वतः रंग पाठवतच नाही, ते फक्त नंबर सांगतं, "ही ओळ दोन नंबरनं रंगव". दोन नंबर म्हणजे हिरवा, पण पोपटी की बाटलीचा हिरवा हे ठरवतो टर्मिनल, त्याच्याकडच्या शेडकार्डावरून. आणि त्या कार्डात शेड किती आहेत, आठ की दोनशे छप्पन्न, हे मटला कोण सांगतं? टर्म नावाचं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना वाचता येणारी एक नोंद. त्यात टर्मिनलच्या जातीचं नाव असतं, त्या नावानं टर्मइन्फोच्या डेटाबेसात नोंद शोधली जाते आणि तिथं लिहिलेलं असतं की या टर्मिनलला किती रंग येतात, स्क्रीन पुसायची कशी, होम-एंड दाबलं की काय येतं वगैरे. मट त्या नोंदीवर डोळे मिटून विश्वास ठेवतं. तुमच्या स्क्रीनकडे बघायची सोय त्याला नाहीच.

म्हणजे साखळी अशी: टर्मिनल, मग कदाचित टीमक्स (एका टर्मिनलात अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्रॅम), मग कदाचित एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिन, करून पलीकडचं मशीन, मग टर्मइन्फो, आणि सगळ्यात शेवटी मट. आपण सगळे काय करतो, तर रंग नाही दिसला की पहिल्यांदा मटआरसी उघडतो, म्हणजे साखळीच्या बरोबर चुकीच्या टोकाला. बाहेरून आत या. सगळा लेख एवढ्यासाठीच आहे खरं तर.

पहिली पायरी: मट बंद, टीमक्सही बंद, नुसतं टर्मिनल

नवीन खिडकी उघडा, त्यात टाइप करा टीपुट, स्पेस, कलर्स, एंटर. एक आकडा येईल. २५६ आला तर छान. ८ आला तर तुमच्या टर्मिनलला फक्त आठ रंग येतात किंवा तो तसं सांगतोय, हे दोन वेगळे प्रकार आहेत, पुढं येतो त्यावर. उणे १ आला तर रंगच नाहीत असं त्याला वाटतंय.

आता प्रत्यक्ष डोळ्यांनी खात्री: टीपुट, स्पेस, सेटएएफ, स्पेस, २०८. एंटर मारल्यावर पुढं जे टाइप कराल ते स्वच्छ केशरी दिसायला पाहिजे. केशरीच का निवडला, तर पहिल्या आठ रंगांत केशरी नसतो, काळा लाल हिरवा पिवळा निळा जांभळट मोरपंखी पांढरा एवढेच असतात, त्यामुळे केशरी दिसला म्हणजे मोठं शेडकार्ड चालू आहे हे पक्कं. झालं की टीपुट एसजीआर शून्य मारा म्हणजे रंग मूळपदावर येतो.

शेडकार्डाचा हिशोबही लक्षात ठेवा, कामाला येतो. ० ते ७ मूळ आठ, ८ ते १५ त्यांचेच उजळ भाऊ, १६ ते २३१ म्हणजे २१६ मिश्र रंग, लाल-हिरवा-निळा प्रत्येकाच्या सहा पायऱ्या, सहा गुणिले सहा गुणिले सहा, आणि २३२ ते २५५ या चोवीस राखाडी छटा. पहिले सोळा थीम बदलली की बदलतात, १६ च्या पुढचे बहुतेक थीमा हात लावत नाहीत. हे वाक्य परत वाचा, याच्यावर पुढं एक अख्खा गोंधळ उभा आहे.

दुसरी पायरी: टर्म काय म्हणतंय

इको, स्पेस, डॉलर, टर्म, यातलं टर्म सगळं कॅपिटल. साधारण एक्सटर्म-२५६कलर असं उत्तर यायला पाहिजे. नुसतं एक्सटर्म आलं तर डेबियन-उबंटूसारख्या ठिकाणी त्याचा अर्थ आठ रंग. लिनक्स आलं तर तुम्ही बहुतेक ग्राफिक्स नसलेल्या काळ्या कन्सोलवर आहात, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून जिथं पोचतो तिथं, तिथंही आठच, तो काही बिघाड नाही.

मावसभावाकडे आलं व्हीटी१००. मी फोनवर गप्पच झालो. व्हीटी१०० हे डेक कंपनीचं १९७८ सालचं टर्मिनल, खरोखरचं काचेचं धूड, त्याला रंग नव्हतेच. ते याच्या लॅपटॉपवर कुठून आलं? तर दुसऱ्या वर्षाला मायक्रोकंट्रोलरच्या लॅबमध्ये सिरियल केबलनं बोर्डाशी बोलायला हँडआउटमध्ये एक ओळ दिलेली, ती यानं इमानदारीत बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडलं की दर वेळी चालणाऱ्या फाइलीत, सगळ्यात खाली चिकटवली होती, एक्स्पोर्ट टर्म इक्वल टू व्हीटी१००. प्रॅक्टिकल संपलं, सबमिशन झालं, ओळ तशीच राहिली. दीड वर्षं याचा लॅपटॉप स्वतःला १९७८ चा समजत होता आणि याला पत्ता नाही, कारण बाकी कशात ते जाणवलंच नाही. आणि गंमत अशी की टर्मला रंगच नसतील तर मट तक्रारही करत नाही, कलरच्या ओळी निमूट गिळून काळंपांढरं दाखवतं. तक्रार कधी करतं, तर रंग आहेत पण कमी आहेत तेव्हा. आठ रंगांवर तुम्ही कलर२०८ मागितला की सुरू होताना ‘कलर नॉट सपोर्टेड बाय टर्म’ असा मेसेज येतो. तो वाचा हो. आपण सवयीनं एंटर मारून पुढं जातो आणि मग विचारतो काय झालं.

मग उपाय काय, बॅशआरसीत व्हीटी१०० च्या जागी एक्सटर्म-२५६कलर लिहायचं? नाही! इंटरनेटवर जिथंतिथं हाच सल्ला सापडतो आणि मला तो अजिबात पटत नाही. ती ओळ काढून टाका, बास. टर्म लिहायचा अधिकार टर्मिनलचा, टर्मिनलच तो सुरू होताना बरोबर भरतो. तुम्ही बॅशआरसीत ठोकून बसवलात तर टीमक्सच्या आतही तेच नाव जाणार, कन्सोलवरही तेच, एसएसएचनं कुणी आत आलं तरी तेच, आणि प्रत्येक ठिकाणी ते खोटं असणार. रंग येतील कदाचित, पण मग एंड दाबल्यावर टिल्ड उमटतो, स्क्रीनवर जुनी अक्षरं मागं राहतात, आणि त्याचा संबंध रंगाशी आहे हे सहा महिन्यांनी कोणाच्या डोक्यात येणार? टर्मिनलच चुकीचं नाव भरत असेल तर त्या टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन बदला.

मावसभावानं ओळ खोडली, खिडकी बंद करून नवी उघडली, मट लावलं. "आयला दादा." इतकंच बोलला.

तिसरी पायरी: टीमक्स किंवा त्याच्यासारखंच जीएनयू स्क्रीन वापरत असाल तर

बाहेर रंग बरोबर आणि टीमक्सच्या आत गडबड, असं असेल तर आत जाऊन परत इको डॉलर टर्म करा. आत नाव स्क्रीन किंवा टीमक्स या घराण्यातलंच पाहिजे, टीमक्स-२५६कलर किंवा स्क्रीन-२५६कलर. नुसतं स्क्रीन आलं तर आठ रंग. टीमक्सच्या कॉन्फ फाइलीत सेट डॅश जी, डीफॉल्ट-टर्मिनल, आणि पुढं अवतरणात टीमक्स-२५६कलर असं लिहा. त्या मशीनच्या टर्मइन्फोत ही नोंद नसेल तर स्क्रीन-२५६कलर लिहा. जीएनयू स्क्रीनवाल्यांनी स्क्रीनआरसीत टर्म स्क्रीन-२५६कलर लिहावं.

आणि फाइल बदलली म्हणजे बदललं असं नाही. आधी उघडलेल्या खिडक्या जुनंच नाव धरून बसतात. टीमक्स किल-सर्व्हर मारा आणि नव्यानं सुरू करा, पण त्याआधी आत काय काय चालू आहे ते बघून घ्या, मी एकदा चालू बॅकअप असाच मारलाय.

इथलाच एक वेगळा त्रास म्हणजे ठिगळं. मटच्या स्टेटस पट्टीला निळी पार्श्वभूमी दिली, पण निळा फक्त अक्षरांच्या मागं, उरलेली ओळ काळीच, किंवा स्क्रोल केलं की रंगाचे तुकडे मागं राहतात, भिंतीचा पोपडा गेल्यासारखे. काही टर्मिनल ओळ पुसताना चालू पार्श्वरंगानं पुसतात आणि काही मूळ रंगानं, आणि टर्म खोटं असलं की मटचा अंदाज चुकतो, त्याला वाटतं पुसलं की निळं होईल, होत नाही. म्हणजे हेही परत दुसऱ्या पायरीकडेच जातं. जीएनयू स्क्रीनमध्ये स्क्रीनआरसीत डेफबीसीई ऑन लिहून बघा.

चौथी पायरी: एसएसएच

एसएसएच करताना तुमच्या टर्मचं नाव पलीकडे जातं, पण त्या नावाची टर्मइन्फो नोंद जात नाही. पलीकडच्या मशीनला ते नाव ओळखीचं नसलं की ‘एरर ओपनिंग टर्मिनल’ म्हणून मट सुरूच होत नाही. किटी नावाचं टर्मिनल वापरणाऱ्यांना हे हमखास भेटतं, कारण किटीचं टर्म असतं एक्सटर्म-किटी आणि जुन्या सर्व्हरनं ते कधी ऐकलेलंही नसतं. तात्पुरतं काम भागवायचं असेल तर एसएसएच कमांडच्या आधी त्याच ओळीत टर्म इक्वल टू एक्सटर्म-२५६कलर लिहा, तेवढ्यापुरतंच लागू होतं. कायमचं करायचं तर आपल्याकडची नोंद तिकडं पाठवा: इन्फोसीएमपी डॅश एक्स, मग पाइप, मग एसएसएच आणि सर्व्हरचं नाव, मग टिक डॅश एक्स आणि एक सुटा डॅश. शेवटचा सुटा डॅश विसरू नका. यानं नोंद तिकडच्या तुमच्या होम फोल्डरात बसते, ॲडमिनच्या पाया पडावं लागत नाही. ॲडमिन तुम्हीच असाल आणि डेबियन किंवा उबंटू असेल तर एनकर्सेस-टर्म नावाचं पॅकेज टाका, पुष्कळ टर्मिनलांच्या नोंदी एकदम येतात.

पाचवी पायरी: आता मट उघडा

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तरच इथं या. पहिल्यांदा मट कोरं सुरू करा: मट, डॅश एन, डॅश कॅपिटल एफ, स्लॅश डेव्ह स्लॅश नल. म्हणजे सिस्टिमची फाइल नको, माझीही नको. साधंसुधं काळंपांढरं दिसेल, निवडलेली ओळ फक्त उलट रंगात, ते बरोबरच आहे. मुळात कलरची ओळच लिहिली नसेल तर मट फार रंग दाखवत नाही, हेही नवीन माणसाला कुणी सांगत नाही.

आता तिथंच कोलन दाबा, खाली जागा येते, तिथं टाइप करा कलर इंडिकेटर ब्लॅक सायन. निवडलेली ओळ मोरपंखी झाली? मग मट ठणठणीत आहे आणि गडबड तुमच्या फाइलीत. नाही झाली? मग परत पहिल्या पायरीवर, काहीतरी सुटलंय. हा कोलनचा प्रकार फार कामाचा आहे, फाइल बदला, मट बंद करा, परत उघडा असले हेलपाटे वाचतात.

फाइलीतले माझ्या ओळखीचे घोळ आता भराभर. दोन ठिकाणी दोन फाइली असतात, होममध्ये एक मटआरसी आणि मट फोल्डरात दुसरी, आणि मट त्यातली एकच वाचतं, तुम्ही बरोबर दुसरीत बदल करत बसलेले असता. कुठून तरी कॉपी केलेल्या ओळीत वळणदार अवतरणचिन्हं आलेली असतात, मटला सरळच लागतात. मेल वाचायला पेजर (मजकूर पानापानानं दाखवणारा भाग) म्हणून लेस हा बाहेरचा प्रोग्रॅम लावलेला असतो, मग हेडर आणि कोट केलेल्या मजकुराचे मटमधले रंग तिथं लागू होतच नाहीत, ते फक्त बिल्टइन पेजरमध्ये. कोलन दाबून सेट, स्पेस, प्रश्नचिन्ह, पेजर असं विचारलं की काय लावलंय ते कळतं.

डीफॉल्ट, म्हणजे टर्मिनलचा स्वतःचा मूळ रंग, वापरला आणि तो मानला जात नाही, असं असेल तर मट डॅश व्ही करून बघा की तुमचं मट स्क्रीनवर लिहिणाऱ्या कुठल्या लायब्ररीवर बांधलंय, एनकर्सेसवर की एस-लँगवर. एस-लँग असेल तर कलरएफजीबीजी नावाचं व्हेरिएबलही भरावं लागतं, आधी अक्षराचा रंग, सेमीकोलन, मग पार्श्वभूमीचा. आजकाल बहुतेक ठिकाणी एनकर्सेसच सापडतं.

मेलच्या मजकुरात एस्केप, चौकटी कंस, ३१एम असला कचरा दिसला तर कोणीतरी प्रोग्रॅमचं रंगीत आउटपुट तसंच मेल केलंय. अलाउ अंडरस्कोअर अँसी चालू केलं की तो रंगीत दिसतो. पण मी ते बंदच ठेवतो, कारण मग मेल पाठवणाऱ्याच्या हातात तुमच्या स्क्रीनचे रंग जातात, तो ‘सही तपासली, बरोबर आहे’ अशी खोटी ओळ मट दाखवतं त्याच रंगात लिहू शकतो. मटच्या मॅन्युअलमध्येही याची ताकीद दिलेली आहे.

आता दोन घोळ जरा सावकाश, कारण दोन्हींत न वाचलेली मेल डोळ्यांआड होते आणि ते महागात पडतं.

एक, सोलराइज्ड थीम. दिसायला सुंदर आहे, पण ती ८ ते १५ नंबरच्या उजळ रंगांपैकी बहुतेकांच्या जागी राखाडी छटा भरते, हा तिच्या बनवणाऱ्याचा जाणूनबुजून निर्णय. तुमच्या मटआरसीत ओळ असते, नवीन मेल ब्राइटग्रीन. मटमध्ये ब्राइट म्हणजे ठळक हिरवा, आणि काही टर्मिनल ठळक म्हटलं की उजळ शेड उचलतात. उजळ हिरव्याच्या जागी इथं बसलाय गडद राखाडी. झालं, नवीन आलेली मेल सगळ्यात फिकट दिसते आणि वाचलेली सगळ्यात ठळक! ग्नोम टर्मिनलमध्ये प्रोफाइलच्या रंगांच्या टॅबात ठळक अक्षरं उजळ रंगात दाखवा अशा अर्थाची एक टिकखूण असते, ती काढा. नाहीतर सरळ १६ च्या पुढचा नंबर वापरा, कलर११४ वगैरे, तिथं थीमचा हात पोचत नाही.

दोन, "काल मेल हिरवी होती, आज नाही, वाचलेली पण नाहीये." यात टर्मिनलचा काही दोष नाही. कोणत्या मेलला रंग द्यायचा हे सांगणाऱ्या पॅटर्नमध्ये टिल्ड कॅपिटल एन लिहिलं की ते फक्त नव्या मेलला लागतं. मट बंद करून परत उघडलं की न वाचलेली मेल ‘नवी’ राहत नाही, ‘जुनी’ होते, तिच्यापुढं एनच्या जागी ओ येतो, आणि रंग जातो. टिल्ड कॅपिटल यू लिहा, म्हणजे न वाचलेली सगळीच, किंवा अनसेट मार्क अंडरस्कोअर ओल्ड करा म्हणजे हा नवी-जुनी प्रकारच बंद. मी दुसरं केलंय, मला तो भेद कधी कामाला आला नाही.

एक कोटी सदुसष्ट लाख रंगांची, म्हणजे ट्रूकलरची, हौस असेल तर निओमटमध्ये कलर अंडरस्कोअर डायरेक्टकलर आहे आणि त्याला टर्मही एक्सटर्म-डायरेक्टसारखं लागतं. सुरुवातीला त्यात पडू नका, इनबॉक्समध्ये पाच-सहा रंगांपेक्षा जास्त लागत नाहीत.

चार दिवसांनी परत फोन, रात्रीचाच. "दादा, पिवळा रंग नारिंगी दिसतोय, टीपुट कलर्स २५६ आहे, टर्म बरोबर आहे, टीमक्स बंद आहे." पोरगं शिकलं होतं, सगळ्या पायऱ्या करून मग फोन केलेला. मीही चक्रावलो, नंबर बदल, थीम बदल, काही फरक नाही. शेवटी म्हटलं झोप आता, सकाळी बघू. सकाळी त्याचाच मेसेज, पिवळा आपोआप पिवळा झाला म्हणून. ग्नोमचं नाइट लाइट चालू होतं, सूर्यास्ताला लागतं आणि सूर्योदयाला जातं.